श्रुतलेखनाची कसोटी : पहिलं मराठी गाणं स्टुडिओत कसं उभं करायचं

पेटीवर चारचौघांना ऐकवलेलं गाणं सगळ्यांना आवडलेलं असतं. मग ते स्टुडिओत जातं, पैसे खर्च होतात, महिन्याभराने तयार होऊन येतं, आणि ते पहिल्यांदाच ऐकणारी मावशी विचारते, "दुसऱ्या ओळीत काय म्हणतोय तो?" हा प्रश्न मी माझ्या स्वतःच्या गाण्यांबद्दल ऐकला आहे आणि ज्यांच्यासाठी अरेंजमेंट (कुठलं वाद्य कुठे काय वाजवेल याची मांडणी) केली त्यांच्या गाण्यांबद्दलही. मागे जाऊन शोधलं तर चूक मिक्सिंगच्या (सगळे आवाज एकमेकांत जुळवण्याच्या) दिवशी क्वचितच झालेली असते. ती पट्टी ठरवताना झालेली असते, किंवा मुखड्याखाली तीन वाद्यं एकाच सप्तकात वाजवून ठेवली तेव्हा.

मराठी सुगम संगीत शब्दांवर उभं आहे, आणि त्यात स्टुडिओच्या तंत्राचा मोठा वाटा आहे. १९२५ पर्यंत गायकाला भोंग्यासमोर मोठ्याने गावं लागे. आवाजाच्या जोरावरच तबकडीवर रेघ उमटायची. त्या सुमारास विजेवर चालणारा मायक्रोफोन ध्वनिमुद्रणात आला आणि कानाशी बोलल्यासारखं गाता येऊ लागलं. जी. एन. जोशी, गजाननराव वाटवे यांचं भावगीत घरोघरी गेलं ते या माइकमुळे. त्याच्याशिवाय हळुवार उच्चारलेला शब्द तबकडीवर टिकलाच नसता.

म्हणून हा लेख एकाच कसोटीभोवती रचला आहे. शाळेत बाई श्रुतलेखन घालत, तसं करायचं. गाणं कधीच न ऐकलेल्या माणसाला ते एकदा ऐकवायचं आणि ऐकू आलेल्या ओळी कागदावर लिहायला सांगायचं. कच्च्या ट्रॅकवर एकदा, डबिंग म्हणजे गायकाचा आवाज घेऊन झाल्यावर एकदा आणि मिक्स तयार झाल्यावर एकदा. तिन्ही वेळा वेगळा माणूस हवा.

घरचं काम : फोनवरचा कच्चा ट्रॅक

स्टुडिओ तासावर किंवा शिफ्टवर मिळतो. तिथे बसून चाल बदलणं हा गाणं बिघडवण्याचा महागडा मार्ग आहे. आधी फोनवर फक्त पेटी किंवा गिटार आणि आवाज असं पूर्ण गाणं रेकॉर्ड करा. पूर्ण म्हणजे दोन्ही अंतरे आणि शेवट कसा होणार तोही. बहुतेक नवे संगीतकार मुखडा आणि एक अंतरा पक्का करून येतात आणि "शेवट तिथे बघू" म्हणतात. शेवट तिथे कधीच सुचत नाही. मग मुखडा हळूहळू आवाज कमी करत संपवला जातो.

आता गाण्याचे शब्द चाल न लावता मोठ्याने वाचा. जिथे बोलताना शब्दावर आघात येतो तिथे चालीत सम किंवा लांब सूर येतोय का, ते पाहा. शब्दयोगी अव्ययावर समेचा ठोका पडला आणि नाम कुठेतरी घाईत उरकलं, तर ती ओळ पहिल्या श्रुतलेखनातच नापास होते. चाल बदलायला ही शेवटची स्वस्त जागा आहे.

पट्टी आणि लय

आपल्याकडे पट्टी काळी-पांढरीत सांगतात. पुरुषांचे आवाज बहुधा पांढरी एक ते काळी दोन यांच्या आसपास बसतात, स्त्रियांचे पांढरी पाच ते काळी पाच यांच्या. पण "माझी पट्टी काळी एक" हे पट्टी ठरवण्याचं कारण होऊ शकत नाही. पट्टी गाण्याची असते. मुखड्यातला सगळ्यात खालचा सूर आणि अंतऱ्यातला सगळ्यात वरचा सूर काढा आणि दोन्ही सूर शब्दांसकट गाऊन बघा. नुसता आकार लावून चालत नाही, कारण आकारात खर्ज छान लागतो आणि शब्द आला की तोच सूर घशात विरतो.

खालच्या सुरांबद्दल विशेष सावध राहा. घरी पेटीवर मंद्रातला शब्द स्पष्ट ऐकू येतो, कारण त्याच्या वाटेत दुसरं काही नसतं. स्टुडिओत त्याच भागात बेस गिटार, ढोलकीची धूम (जाड आवाजाची बाजू) आणि स्ट्रिंग्जचा खालचा थर येऊन बसतो. माझ्या सुरुवातीच्या एका गाण्यात मुखड्याची पहिलीच ओळ मंद्र पंचमावर होती. संगीत पूर्ण वाजवून झाल्यावर डबिंगला कळलं की ती ओळ ऐकूच येत नाही. पट्टी एका सुराने वर घ्यावी लागली आणि वादकांना पुन्हा बोलवावं लागलं. तेव्हापासून पट्टी ठरवताना गायकाला गाणं सलग दहा वेळा गायला लावतो. डबिंगच्या दिवशी त्याला वीस वेळा तरी गायचं असतं. दहाव्या वेळेला जी पट्टी सोसते ती खरी.

लयीसाठी मोबाइलवर मेट्रोनोम लावा आणि मिनिटाला किती ठोके, तो आकडा नोंदवून ठेवा. ठरलेल्या आकड्याच्या चार खाली आणि चार वर गाऊन पाहा. ९२ आणि ९६ यांतला फरक कागदावर क्षुल्लक वाटतो, पण जोडाक्षरं भरपूर असलेल्या ओळीत तेवढ्यानेच जीभ अडखळते. सगळ्यात अवघड ओळ ज्या लयीत सहज बोलता येते, ती लय घ्या.

अरेंजमेंट : शब्दाला वाट करून देणं

इथे सगळ्यात जास्त वेळ घाला. मी तर म्हणेन, एकूण मेहनतीतली निम्मी इथे.

मुंबईत साठ-सत्तरच्या दशकापर्यंत सिनेमाची गाणी गायक आणि वादक एकत्र बसून, एका दमात रेकॉर्ड करत. वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत रॉबिन चॅटर्जी, फेमस स्टुडिओत मिनू कात्रक असे रेकॉर्डिस्ट मोजक्या माइकांवर सगळा ताफा पेलत. एकदा टेक झाला की नंतर व्हायोलिन कमी करा, तबला वाढवा, हे करायची फारशी सोय नव्हती. त्यामुळे तो तोल कागदावरच साधावा लागे, आणि हे काम अरेंजरचं. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा या गोव्याहून आलेल्या मंडळींनी पाश्चात्त्य स्वरलिपीत प्रत्येक वादकाचा भाग लिहून काढायची शिस्त या धंद्यात रुजवली. त्या काळातलं कुठलंही चांगलं गाणं घ्या आणि फक्त व्हायोलिनकडे कान द्या. ओळ सुरू झाली की ती थांबतात किंवा एखादा लांब सूर धरून मागे सरकतात. ओळ संपून गायक श्वास घेतो त्या फटीत उत्तर देतात आणि पुढचा शब्द यायच्या आत पुन्हा बाजूला होतात. शब्दाला जागा लिहितानाच दिलेली आहे.

आज संगणकावर शंभर ट्रॅक घेता येतात, म्हणून "सगळं वाजवून ठेवू, मिक्समध्ये बघू" अशी सवय लागते. तीन वाद्यं एकाच ठिकाणी एकाच वेळी बोलत असतील, तर मिक्सिंग इंजिनीअर कोणातरी दोघांची तोंडं बंद करण्यापलीकडे काही करू शकत नाही. ती वाजवून घ्यायचे पैसे तुम्ही दिलेले असतात.

एक कोरा कागद आडवा घ्या. वरच्या ओळीत गाण्याचे भाग लिहा : सुरुवातीचं म्युझिक, मुखडा, पहिलं म्युझिक, पहिला अंतरा, मुखड्यावर परत, दुसरं म्युझिक, दुसरा अंतरा, शेवट. डावीकडे खालोखाल वाद्यं लिहा. कुठलं वाद्य कुठल्या भागात वाजणार, त्या चौकटी रंगवा. सगळ्या चौकटी रंगल्या असतील तर गाण्यात घडण्यासारखं काही उरलेलं नाही. पहिल्या अंतऱ्यात काय नसेल ते आधी ठरवा, म्हणजे दुसऱ्या अंतऱ्यात ते आलं की कान टवकारतो.

गाणं चालू असताना शब्दांखाली मी तीनच गोष्टी ठेवतो : ठेका धरणारं एक, खालचा सूर धरणारं एक आणि स्वरमेळ धरणारं एक. बाकी सगळी वाद्यं फटींमध्ये. बासरी आणि स्त्रीचा आवाज एकाच सप्तकात सोबत चालवायचा मोह होतो. तिथे बासरी एक सप्तक वर न्या किंवा गप्प ठेवा. सतार, मेंडोलिन यांसारखी छेडून वाजवायची वाद्यं व्यंजनांशी भांडतात, कारण त्यांच्या सुराची सुरुवात टोकदार असते आणि 'त', 'क', 'ट' यांचीही. लांब सुरांची वाद्यं स्वरांशी भांडतात. ओळीत काय जास्त आहे ते बघून वाद्य निवडा.

एक नाजूक बाब गंधाराची. तानपुऱ्यावर रियाज केलेला गायक जो शुद्ध गंधार लावतो, तो कीबोर्डच्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंटने खाली असतो. एक अर्धस्वर म्हणजे १०० सेंट. गायक बरोबर असतो, कीबोर्डही त्याच्या हिशेबाने बरोबर असतो, आणि दोघे एकत्र आले की गायक बेसूर वाटतो. रागाच्या अंगाने जाणारी चाल असेल तर कीबोर्डच्या पॅडमधून (मागे धरून ठेवलेल्या लांब स्वरमेळातून) गंधार काढून टाका. षड्ज-पंचम धरून ठेवा आणि गंधार फक्त गायकाला गाऊ द्या. इतकी साधी दुरुस्ती, पण ती माहीत नसल्यामुळे चांगल्या गायकांचे सूर संगणकावर "दुरुस्त" करून मारलेले मी पाहिले आहेत.

खरे वादक की प्रोग्रॅमिंग, हा प्रश्न शेवटी खिशाचा आहे. 'सैराट'साठी अजय-अतुल यांनी लॉस एंजेलिसमध्ये सिंफनी ऑर्केस्ट्रा रेकॉर्ड केला. ते २०१६ साली मराठी गाण्यासाठी फार मोठं पाऊल होतं. तुमच्याकडे तेवढं बजेट नसेल तर एक करा : स्ट्रिंग्ज संगणकावरच्या घ्या आणि त्यांच्यावर एकाच खऱ्या व्हायोलिनवादकाकडून तीच ओळ वाजवून घ्या. गजाचं खरं घासणं एका थरात आलं तरी पूर्ण ताफ्यात जीव येतो. वाद्यं कमी करायची वेळ आली, तर तालवाद्य मात्र खरंच घ्या. ढोलकीची लग्गी तयार लूपमधून (पुन्हा पुन्हा वाजणाऱ्या रेकॉर्ड केलेल्या तुकड्यातून) कधीच तशी लागत नाही.

लूपबद्दल सांगायलाच हवं. ऑनलाइन मिळणारा रॉयल्टी-मुक्त लूप तुमच्यासारखाच इतर हजारोंनी वापरलेला असतो. त्यांच्यापैकी कुणी आपलं गाणं यूट्यूबच्या कंटेंट आयडीत (गाणी आपोआप ओळखणाऱ्या यंत्रणेत) टाकलं असेल, तर तुमच्या गाण्यावर दावा येऊ शकतो. मुख्य ओळख बनेल अशा जागी लूप नको.

वाद्यं कमी असूनही गाणं भरलेलं कसं वाटतं, ते ऐकायचं असेल तर गीतरामायण ऐका. एप्रिल १९५५ पासून वर्षभर पुणे आकाशवाणीवरून ही ५६ गाणी प्रसारित झाली. गदिमांचा एकही शब्द वाद्यांखाली दबलेला सापडणार नाही.

क्लिक आणि स्क्रॅच

ठरलेल्या लयीवर क्लिक, म्हणजे मेट्रोनोमचा ठोका, लावून गायकाकडून डमी आवाज घेतात, त्याला स्क्रॅच म्हणतात. वादक त्यावर वाजवतात. म्हणून स्क्रॅच भावना ओतून गावा. उरकून टाकला तर वादकही उरकून वाजवतात.

क्लिक सगळीकडे हवाच असं नाही. लावणी, पोवाडा, गोंधळ यांच्या अंगाचं गाणं पुढे सरकताना किंचित चढतं, आणि त्या चढण्यातच त्याची रंगत असते. तिथे ढोलकीवाला आणि गायक यांना काचेच्या दोन बाजूंना, एकमेकांना दिसतील असं बसवून एकत्र वाजवून घ्या. मग इंजिनीअर त्यांच्या ठोक्यांवरून संगणकातली लयीची जाळी आखून देतो आणि बाकीची वाद्यं तिच्यावर बसतात. काम वाढतं, पण अशा गाण्यांना तेच शोभतं. पाश्चात्त्य ढंगाचं, ड्रम आणि सिंथवर चालणारं गाणं असेल तर मात्र क्लिक सोडू नका.

वाद्यं रेकॉर्ड करताना

चामड्याची वाद्यं हवेशी बोलतात. पावसाळ्यात दमट हवेत चामडं सैल पडून सूर उतरतो, एसीच्या कोरड्या हवेत ताणलं जाऊन चढतो. ढोलकी किंवा तबला स्टुडिओत आणल्यावर किमान अर्धा तास तसाच राहू द्या, मग सुरात लावा, आणि दर दोन टेकनंतर षड्ज पुन्हा तपासा. टेक सुरू असताना एसी बंद-चालू करत राहिलात तर पहिल्या आणि दुसऱ्या अंतऱ्यातली ढोलकी वेगवेगळ्या सुरांत येईल आणि जोडकाम अशक्य होईल.

ढोलकीला दोन माइक : एक शाईच्या बाजूला, एक धूमेच्या बाजूला, दोन्ही वीत-दीड वीत लांब. दोन्ही एकत्र ऐकताना आवाज पोकळ झाला तर एका माइकची फेज (ध्वनिलहरीची दिशा) उलटवून पाहा. जी स्थिती जाड ऐकू येईल ती ठेवा. संबळ आणि हलगी फार मोठ्याने वाजतात. त्यांना जवळून कंडेन्सर (फार संवेदनशील) माइक लावला तर आवाज फाटतो. साधा डायनॅमिक माइक घ्या, चार-पाच फूट लांब ठेवा आणि खोलीचा थोडा आवाज त्यात येऊ द्या. उघड्यावर, अंगणात वाजल्याचा भास त्यातूनच येतो. तुणतुण्याची तार आणि गायकाचा षड्ज जुळतोय का, ते ट्यूनरपेक्षा गायकालाच विचारा.

रेकॉर्डिंग २४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर करा. पातळी अशी ठेवा की सर्वांत मोठा आवाज उणे १० ते उणे ६ डेसिबलच्या मध्ये राहील. २४ बिटमध्ये हळू रेकॉर्ड झालेलं नंतर वाढवता येतं. फाटलेला आवाज शिवता येत नाही.

डबिंग

गायक-गायिकेचा आवाज घेणं, ज्याला आपल्याकडे सगळे डबिंगच म्हणतात. इथे मराठीची स्वतःची काही अवघड ठिकाणं आहेत, आणि ती कुठल्याही परदेशी व्हिडिओत सापडणार नाहीत.

पहिलं, ओळीच्या शेवटचा अनुस्वारी उच्चार. 'केलं', 'गेलं', 'चांदणं' या शब्दांतला शेवटचा सूर लांबवताना तोंड उघडत जातं आणि 'केलं'चं 'केला' होतं. लिंगच बदललं! श्रुतलेखनात सगळ्यात जास्त चुका मला इथे सापडतात. गायकाला सांगा, सूर लांबवताना जबडा खाली सोडू नको.

दुसरं, 'ळ' आणि 'ण'. दमल्यावर जीभ मागे वळायची टाळाटाळ करते आणि 'बाळ'चा 'बाल' होतो. प्रत्येक टेकनंतर हे दोन वर्ण असलेले शब्द मुद्दाम ऐका. 'च' आणि 'ज' यांचे दोन-दोन उच्चारही तसेच : 'चंद्र' आणि 'चांदणं' यांतला च वेगळा आहे. हिंदीत जास्त गाणाऱ्या गायकांकडून ही गल्लत होते. त्यांना शब्द देवनागरीत लिहून देऊन भागत नाही, बोलून दाखवावे लागतात.

तिसरं, 'प', 'फ', 'ब', 'भ'. या वर्णांना ओठांतून हवेचा झोत सुटतो आणि माइकमध्ये धप्प असा आवाज येतो. तोंडापासून माइक एक वीत लांब, मध्ये पॉप फिल्टर (झोत अडवणारी जाळी) आणि माइक थोडा वर, नाकाच्या उंचीला, खाली झुकलेला. झोत खालून निघून जातो. 'स', 'श' टोचत असतील तर गायकाला तोंड किंचित बाजूला वळवून गायला सांगा. नंतर यंत्राने सकार दाबण्यापेक्षा हे कधीही चांगलं.

हेडफोनमध्ये गायकाला काय हवं ते त्यालाच विचारा. ट्रॅक फार मोठा असला की तो जोर लावतो आणि सूर हलतो. तानपुरा थोडा मिसळून द्या. काही गायक एक कान उघडा ठेवतात. ठेवू द्या, पण उघड्या बाजूच्या हेडफोनमधला आवाज बंद करा, नाहीतर क्लिक माइकमध्ये गळते.

आधी पूर्ण गाण्याचे तीन-चार टेक सलग घ्या, मध्ये न थांबवता. मग कमजोर ओळी पंच करा, म्हणजे तेवढ्याच पुन्हा गाऊन जागेवर बसवा. सुरुवातीलाच ओळ-ओळ तोडून घेतलं तर प्रत्येक ओळ अचूक येते आणि गाणं कुठेच चढत नाही. टॉकबॅकवर (काचेपलीकडच्या गायकाशी बोलायच्या माइकवर) एकच माणूस बोलेल, हे आधी ठरवा. कवी, संगीतकार, निर्माता आणि मित्र असे चौघे चार सूचना देऊ लागले की गायक मिटतो. आणि काचेपलीकडे टेक संपल्यावर लगेच बोला. दहा सेकंदांची शांतता गायकाला दहा मिनिटांसारखी वाटते.

घरी रेकॉर्ड करत असाल तर कपड्यांनी भरलेलं उघडं कपाट गायकाच्या पाठीमागे ठेवा. माइक समोरचं ऐकतो, आणि गायकामागची उघडी भिंत आवाज परत फेकते. पंखा बंद, फ्रिज बंद आणि वेळ रात्री अकरानंतरची.

मुखड्याला भरीवपणा हवा असेल तर तोच आवाज दुसऱ्यांदा गाऊन घ्या आणि हळू मिसळा. १९६६ मध्ये लंडनच्या ईएमआय स्टुडिओत केन टाउनसेंड या इंजिनीअरने बीटल्ससाठी, सगळं दोनदा गायचा त्यांचा वैताग वाचवायला, टेपवर ही दुहेरी छटा आपोआप तयार करण्याची युक्ती काढली. आज ती एका बटणावर मिळते. मराठीत मी तरी ती जपूनच वापरतो, कारण दोन आवाजांतली व्यंजनं तंतोतंत जुळली नाहीत तर शब्द धूसर होतो. दुसऱ्या थरात व्यंजनं मऊ गाऊन घेतली की हा दोष जातो.

डबिंग संपलं की दुसरं श्रुतलेखन. गायक अजून आत असतानाच ऑफिसमधल्या कुणालाही बोलवा, कागद-पेन द्या.

टेकची निवड आणि सुराची दुरुस्ती

चार टेकमधून ओळ-ओळ निवडताना सूर, उच्चार आणि भाव या तिन्हींवर खुणा करा. तिन्ही एकाच टेकमध्ये नसतील तर भाव आणि उच्चार घ्या. सूर थोडा सावरता येतो.

ऑटो-ट्यून १९९७ मध्ये आलं. ते बनवणारे अँडी हिल्डेब्रँड त्याआधी तेल शोधण्यासाठी भूकंपलहरींच्या नोंदींवर काम करत होते. पुढच्याच वर्षी शेर या गायिकेच्या गाण्यात त्याचा यंत्रासारखा तुटक परिणाम मुद्दाम वापरला गेला आणि तो जगभर पसरला. तो परिणाम हवा असेल तर खुशाल वापरा, ती एक शैली आहे. पण भावगीताच्या अंगाचं गाणं आपोआप दुरुस्तीवर टाकू नका. यंत्राला मींड ही चूक वाटते. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारा आवाज ते पायऱ्यांमध्ये तोडतं आणि कणस्वर गिळून टाकतं. सूर हाताने, एकेक करून, फक्त जिथे खरंच खुपतोय तिथे सरकवा. तोही अर्ध्या वाटेपर्यंतच. गंधाराची गोष्ट इथे पुन्हा आठवा.

मिक्स

बहुतेक जण मिक्सची सुरुवात ड्रमपासून करतात. मराठी गाण्यात मी आवाज आणि ढोलकी यांपासून करतो. फक्त हे दोन ट्रॅक चालू ठेवून गाणं पूर्ण वाटेपर्यंत पुढे जायचं नाही. मग एकेक वाद्य आत घ्यायचं, आणि ज्या वाद्याने शब्द झाकला ते तिथल्या तिथे खाली किंवा बाजूला सरकवायचं.

आवाजावर ८० हर्ट्झच्या खालचं कापा. तिथे घरघरीशिवाय काही नसतं. २०० ते ४०० हर्ट्झमध्ये आवाज गढूळ वाटत असेल तर दोन-तीन डेसिबल कमी करा. शब्दांची धार २ ते ५ किलोहर्ट्झमध्ये असते. तिथे आवाज वाढवण्याआधी स्ट्रिंग्ज आणि गिटार दोन डेसिबलने उतरवून पाहा. बहुतेकदा तेवढ्यावर भागतं आणि आवाज कर्कश होत नाही. ढोलकीची धूम आणि बेस गिटार एकमेकांवर चढत असतील तर सर्वांत खालचा भाग एकालाच द्या. बेस धूमेच्या ठोक्याच्या वेळी क्षणभर खाली जाईल असं बसवता येतं.

कंप्रेसर (मोठा आवाज दाबून पातळी सारखी करणारं यंत्र) हळुवार, तीन-चार डेसिबलपेक्षा जास्त न दाबता. त्याआधी हाताने काम करा : पूर्ण गाण्यातला प्रत्येक दबलेला शब्द शोधून त्याची पातळी तेवढ्यापुरती वर ओढा. कंटाळवाणं आहे, दोन तास लागतात. माझ्या अनुभवात मावशीच्या प्रश्नाला याच्याइतकं चांगलं उत्तर दुसरं नाही.

रिव्हर्ब आपल्याकडे फार सांडतात. देवळातल्या घुमण्याची आवड जुनी आहे. रिव्हर्ब हवा असेल तर त्याला २० ते ४० मिलिसेकंदांचा उशीर द्या, म्हणजे शब्द आधी कोरडा पोहोचतो आणि घुमारा मागून येतो. प्रतिध्वनी वापरणार असाल तर तो लयीत मोजा : ६०,००० ला मिनिटाच्या ठोक्यांनी भागा. ९० ठोक्यांना ६६७ मिलिसेकंद, अर्ध्या मात्रेला ३३३. प्रतिध्वनी फक्त ओळीच्या शेवटच्या शब्दावर सोडा.

मग गाणं स्टुडिओच्या मोठ्या स्पीकरवर ऐकायचं थांबवा. फोनच्या स्पीकरवर ऐका. तिथे बेस जवळजवळ नाहीसा होतो, आणि तुमचे बहुतेक श्रोते पहिल्यांदा तिथेच ऐकणार आहेत. रिक्षात ऐका. स्वयंपाकघरात कुकर चालू असताना ऐका. आणि तिसरं श्रुतलेखन घ्या, फोनच्या स्पीकरवरच. कवीला स्वतःला विचारू नका, त्याला सगळेच शब्द ऐकू येतात.

मास्टरिंग

मास्टरिंग म्हणजे तयार मिक्सवरचा शेवटचा हात. यावर थोडक्यात. मिक्स करणाऱ्यापेक्षा वेगळा कान मिळाला तर उत्तम. स्पॉटिफाय सगळी गाणी साधारण उणे १४ एलयूएफएस या सरासरी मोठेपणावर आणतं, यूट्यूबही फार मोठी गाणी खाली ओढतं. म्हणजे गाणं दाबून दाबून मोठं केलंत तर ते तिथे परत लहान केलं जातं, आणि दाबल्यामुळे गेलेला श्वास मात्र परत येत नाही. सर्वोच्च शिखर उणे १ डेसिबलवर ठेवा.

कागद आणि फाइली

स्टुडिओत पाऊल ठेवण्याआधी एका पानावर लिहून सह्या करा : शब्द कोणाचे, चाल कोणाची, रेकॉर्डिंगची मालकी कोणाची, कोणाला किती वाटा. मित्रांमध्ये हे लिहायला संकोच वाटतो. गाणं चालल्यावर जास्त वाटतो. २०१२ च्या दुरुस्तीनंतर भारतीय कॉपीराइट कायद्यात कवी आणि संगीतकार यांचा रॉयल्टीतला हक्क लिहून घेऊन काढून टाकता येत नाही. आयपीआरएस या कवी-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं सभासदत्व घ्या आणि गाणं नोंदवा. गायकांसाठी इसम्रा (ISAMRA, आधीचं नाव इस्रा) ही संस्था आहे. दुसऱ्याचं गाणं नव्याने करणार असाल तर मूळ ध्वनिमुद्रणाच्या वर्षानंतर पाच वर्षं उलटलेली हवीत, शिवाय रीतसर सूचना आणि रॉयल्टी भरावी लागते. वादकांचं मानधन शिफ्ट संपताना, जाण्याआधी द्या, आणि त्यांची नावं कशी लिहायची ते त्यांनाच विचारा.

स्टुडिओतून बाहेर पडताना घ्यायच्या फाइली : मास्टर, मायनस ट्रॅक म्हणजे आवाजाशिवायचं गाणं, प्रत्येक वाद्यगटाचे सुटे स्टेम आणि मूळ सेशन. सगळं डब्ल्यूएव्ही स्वरूपात, दोन वेगवेगळ्या डिस्कवर. स्टुडिओ वर्षभराने तुमचं सेशन ठेवेलच असं धरून चालू नका. मायनस ट्रॅक पहिल्याच कार्यक्रमात लागतो.

वितरकाकडे (गाणं स्पॉटिफायसारख्या ठिकाणी पोहोचवणाऱ्या कंपनीकडे) गाणं पाठवताना कलाकाराचं नाव प्रत्येक वेळी एकाच स्पेलिंगमध्ये द्या, नाहीतर तुमची दोन गाणी दोन वेगळ्या गायकांच्या नावावर चढतात. आयएसआरसी, म्हणजे प्रत्येक रेकॉर्डिंगचा ओळख क्रमांक, बहुतेक वितरक स्वतःच देतात. आणि गाण्याचे शब्द चढवताना कवीच्या वहीतून उतरवू नका. मास्टर लावा, कानाला हेडफोन, आणि जे प्रत्यक्ष गायलं गेलं ते देवनागरीत एकेक शब्द लिहून काढा. डबिंगच्या वेळी बदललेला एखादा शब्द वहीत जुनाच राहिलेला असतो.